राडारोड्याचा टक्का: आकडा उचलण्याआधी त्यातला ‘जर’ शोधा

तुमच्यापैकी अनेकांचा पीएच.डी.चा प्रस्ताव सध्या लिहून होत असेल. पर्यावरणशास्त्र, स्थापत्य, नगररचना, भूगोल यांपैकी कुठल्याही विभागात गेलात तरी ‘मोठ्या शहरातल्या बांधकाम कचऱ्याचं शाश्वत व्यवस्थापन’ हा विषय घेतलेलं कुणीतरी भेटतंच. विषय चांगलाच आहे. अडचण आहे ती पहिल्या वाक्याची. बहुतेक प्रस्तावांत ते असं असतं: ‘भारतात दरवर्षी इतके कोटी टन राडारोडा तयार होतो, त्यातला जेमतेम एक टक्का पुनर्वापरात जातो, म्हणून...’ आणि त्या ‘म्हणून’च्या पुढे आपलं संशोधन.

या लेखात मला त्या पहिल्या वाक्याची चिकित्सा करायची आहे. उदाहरणाला नाशिकचं इंदिरानगर घेते. ना तिथे वीस-पंचवीस मजली टॉवरची रांग आहे, ना मेट्रोचं काम. बंगले, रो-हाऊस आणि तीन-चार मजली अपार्टमेंटची ती वस्ती. माझं म्हणणं थोडक्यात सांगते: राडारोड्यावरचं आपल्याकडचं लिखाण मोठे प्रकल्प आणि मोठे प्लांट यांच्याकडे बघून होतं, नियमही त्यांच्याकडे बघूनच केले जातात. पण त्याच लिखाणातलं गणित नीट उलगडलं, तर बहुतेक राडारोडा इंदिरानगरसारख्या वस्त्यांमधल्या पाडकामातून आणि दुरुस्तीतून येतो असं निघतं. म्हणजे जिथे कचरा आहे तिथे मोजमाप नाही, आणि जिथे मोजमाप आहे तिथे कचऱ्याचा छोटा हिस्सा.

एकच प्रश्न, तीन उत्तरं

देशात दरवर्षी राडारोडा किती तयार होतो? टायफॅक या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २००१ च्या अहवालात उत्तर आहे साधारण १.२ ते १.५ कोटी टन. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं, म्हणजे सीएसईनं, २०१३ या वर्षासाठी हिशोब मांडला तो ५३ कोटी टनांचा. पुढे बीएमटीपीसी या सरकारी परिषदेचा आकडा आला १५ कोटी टन, आणि हल्ली सगळीकडे तोच दिसतो.

आता एक टक्क्याकडे या. ऑगस्ट २०२० मध्ये सीएसईनं लक्षात आणून दिलं, की देशातली अधिकृत प्रक्रिया-क्षमता दिवसाला अवघी ६,५०० टन आहे, म्हणजे एकूण राडारोड्याच्या सुमारे एक टक्का. कागद-पेन घ्या. ६,५०० गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला २३.७ लाख टन. त्याला १५ कोटींनी भागलं तर १.६ टक्के येतात. ५३ कोटींनी भागलं तर अर्ध्या टक्क्याच्याही आत. आणि टायफॅकचा जुना आकडा छेदात ठेवला तर तीच क्षमता १६ ते २० टक्के दिसते! प्लांट तेच, यंत्रं तीच. छेद बदलला की आपण कधी जगाच्या मागे, कधी बऱ्यापैकी पुढे.

शिवाय अंशात काय आहे तेही बघा. ती क्षमता आहे, प्रत्यक्ष प्रक्रिया झालेला माल नव्हे. प्लांट अर्ध्या क्षमतेनं चालला तरी टक्का तोच राहणार. ‘क्षमता’ हा शब्द तीन-चार वेळा उतरवून घेताना गळतो आणि ‘एक टक्का पुनर्वापर होतो’ असं वाक्य तयार होतं. मूळ लिहिणाऱ्यानं तसं म्हटलेलं नसतं.

‘जर’ कुठे गळाला?

५३ कोटींचा आकडा कसा आला ते बघण्यासारखं आहे. टायफॅकचे ठोकताळे असे: नव्या बांधकामात चौरस मीटरला ४० ते ६० किलो, दुरुस्तीत ४० ते ५० किलो आणि पाडकामात ३०० ते ५०० किलो. सीएसईनं हे दर घेतले आणि गृहीत धरलं, की जर २०१३ मध्ये सुमारे १०० कोटी चौरस मीटर नवं बांधकाम झालं असेल, जर आधीच्या इमारतींपैकी ५ टक्के पाडून नव्यानं बांधल्या असतील, आणि जर एक तृतीयांश इमारतींत काही ना काही दुरुस्ती झाली असेल, तर नव्या बांधकामातून सुमारे ५ कोटी टन, पाडकामातून २८.८ कोटी टन आणि दुरुस्तीतून १९.३ कोटी टन.

सीएसईवर टीका करायची म्हणून हे सांगत नाहीये. उलट सरकारी आकडे किती तोकडे आहेत हे दाखवण्यासाठीच त्यांनी हा हिशोब उघड मांडला, ‘जर’ लपवले नाहीत. प्रश्न आपण वाचणाऱ्यांचा आहे. तीनही ‘जर’ वगळून आपण फक्त बेरीज उचलली.

ती बेरीज फोडा. ५३ कोटींपैकी ४८ कोटी टन, म्हणजे नव्वद टक्के, पाडकाम आणि दुरुस्ती यांतून येतात. नव्या बांधकामाचा वाटा दहा टक्क्यांच्या आत. आणि सगळ्यात डळमळीत गृहीतकंही त्या नव्वद टक्क्यांखालीच आहेत. ‘५ टक्के’ आणि ‘एक तृतीयांश’ हे दोन आकडे जरा हलवले की कोट्यवधी टन इकडचे तिकडे होतात. असं असेल, तर संशोधनाची सगळ्यात जास्त गरज पाडकाम-दुरुस्ती मोजण्याची आहे. प्रत्यक्षात प्रबंध कशावर होतात? नव्या मोठ्या गृहप्रकल्पांच्या जागेवरच्या वाया जाणाऱ्या मालावर. कारण तिथे इंजिनिअर असतो, नोंदवही असते आणि प्रश्नावली भरून मिळते.

एक स्लॅब मोजून बघा

आता दर तपासू. यासाठी प्रयोगशाळा नको, शाळेतलं गणित पुरे.

१० मीटर बाय १० मीटरचं एकमजली घर घ्या, उंची ३ मीटर. स्लॅब १२ सेंटिमीटर जाड. आरसीसीचं वजन घनमीटरला २.५ टन धरतात. म्हणजे एक चौरस मीटर स्लॅब = ०.१२ × २,५०० = ३०० किलो. पाडकामाच्या दराची खालची मर्यादा नुसत्या स्लॅबमध्ये संपली!

बाहेरची भिंत ४० मीटर लांब, ९ इंची म्हणजे २३ सेंटिमीटर जाड: २७-२८ घनमीटर. दारं-खिडक्यांसाठी पाचवा हिस्सा वजा करा, उरले २२. वीट बांधकाम घनमीटरला सुमारे १.९ टन, म्हणजे ४२ टन. चौरस मीटरला ४२० किलो. स्लॅब आणि बाहेरची भिंत मिळून झाले ७२० किलो. आतल्या भिंती, दोन्हीकडचं प्लास्टर, फरशी आणि तिच्याखालचा थर, बीम, कॉलम, पाया हे सगळं अजून बाकीच आहे. चौरस मीटरला टनभर सहज भरतं.

मग ३०० ते ५०० हा दर चुकीचा का? तो काय मोजतो ते सांगितल्याशिवाय या प्रश्नाला अर्थ नाही. घरातून जेवढं निघतं ते, की सळई, विटा, चौकटी विकून उरतं ते? दोन्ही व्याख्या चालतील, पण आपण कुठली वापरतोय हे प्रबंधात लिहायला हवं. आणि दुसरी व्याख्या घेतली तर ‘एक टक्का’ आणखी अडचणीत येतो, कारण विकला गेलेला माल आधीच वजा झालेला असतो.

दुरुस्तीचंही तसंच. ६० चौरस मीटरच्या फ्लॅटची जुनी फरशी खालच्या थरासकट उचकटली, एकूण जाडी ७ सेंटिमीटर धरली, तर आठ टनांच्या आसपास मलबा निघतो. ४०-५० किलोच्या दरानं त्याच फ्लॅटचे अडीच-तीन टन होतात. हा दर सरासरी आहे, कुणी फक्त बाथरूम करतं, कुणी सगळं घर, हे मान्य. पण ती सरासरी नाशिकला लागू आहे का, हे नाशिकमधल्या घरांवरच ठरेल. अंतर्गत किरकोळ दुरुस्तीला बांधकाम परवानगी लागत नाही, त्यामुळे महापालिकेच्या नगररचना विभागात हे काम कागदावर येतच नाही. परवान्यांची यादी घेऊन दुरुस्ती मोजायला बसलात तर हाती शून्य लागेल.

नियमाची चाळणी

२९ मार्च २०१६ ला केंद्रानं बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम काढले. त्यांतली मोठ्या निर्मात्याची व्याख्या लक्षात ठेवा: दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन. या मर्यादेच्या वर असाल तर राडारोडा काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, विटा आणि मसाला अशा चार भागांत वेगळा करायचा, व्यवस्थापन आराखडा महापालिकेकडून मंजूर करून घ्यायचा. मर्यादेखालच्यांवरही वर्गीकरण करण्याची, रस्त्यात-गटारात न टाकण्याची जबाबदारी होती, पण आराखडा नव्हता, मंजुरी नव्हती. म्हणजे पालिकेला पत्ता लागण्याची सोयच नव्हती.

इंदिरानगरमधला दोन मजली, १५० चौरस मीटरचा बंगला घ्या. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रिकृत विकास नियमावली आल्यापासून जुनं पाडून जास्त मजले चढवण्याचं गणित अनेक ठिकाणी जमायला लागलं आहे, तेव्हा उदाहरण काही दूरचं नाही. टनभराच्या हिशोबानं त्या बंगल्यातून १५० टन निघतील. ठेकेदारानं माणसं लावून, विटा-सळया वाचवत दहा-बारा दिवसांत पाडला, तर दिवसाला १२ ते १५ टन. दिवसाची मर्यादा ओलांडली नाही, महिन्याचीही नाही. पोकलेन लावून चार दिवसांत भुईसपाट केला, तर दिवसाला ३७ टन आणि नियम लागू. तेच घर, तेवढाच मलबा, आणि या नियमांत कर्तव्य ठरायचं पाडण्याच्या वेगावर!

आता आधीचा ३००-५०० चा दर इथे लावा. बंगल्यातून ४५ ते ७५ टन. चार दिवसांत पाडला तरी दिवसाला १९ टनांच्या आत. म्हणजे दर कुठला धरला यावर घरमालक कायद्याच्या आत की बाहेर हे ठरायचं. ‘आकड्यांचा कीस कशाला काढायचा’ असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण द्या.

एप्रिल २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले, अंमल १ एप्रिल २०२६ पासून. त्यांत उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची चौकट आणली आहे, पण ती २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांसाठी. आपल्या बंगल्यासारखे सुमारे १३३ बंगले एकत्र केले तर तेवढं क्षेत्र होईल. बारा फ्लॅटचं अपार्टमेंट हजार चौरस मीटरच्या आसपास असतं. चाळणीची भोकं एवढी मोठी ठेवली तर इंदिरानगर अख्खं खाली पडतं.

न्यायालयाची पकडही इथेच संपते. देवनार आणि मुलुंडच्या कचराभूमीची अवस्था बघून मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत नव्या बांधकाम परवानग्यांवर बंदी घातली होती. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये दिलासा दिला तो राडारोडा ठरलेल्या जागीच टाकण्याच्या अटीवर. परिणामकारक उपाय, यात शंका नाही. पण अट परवानगीला बांधलेली आहे. ज्या कामाला परवानगीच लागत नाही, त्याला कशाला बांधणार?

‘भराव’ या शब्दात दोन गोष्टी आहेत

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग हा सगळा माल जातो कुठे? पाडकाम ठेकेदाराला विचारा. चौकटी, ग्रील, नळ, कमोड जुन्या मालाच्या बाजारात. सळई भंगारात. अख्ख्या विटा साफ करून कंपाउंडच्या भिंतीला. उरलेले रोडे, प्लास्टर, काँक्रीटचे तुकडे ‘भरावाला’.

काही अभ्यासक या साखळीचं फार कौतुक करतात आणि म्हणतात, आपल्याकडे पुनर्वापर आधीच होतोय. अर्धं खरं आहे. जोत्यात घातलेला भराव हा खराच वापर, त्यानं तेवढा मुरूम वाचतो. पण रिकाम्या प्लॉटवर, नाल्यात किंवा नंदिनीच्या, जिला लोक अजून नासर्डीच म्हणतात तिच्या काठावर ओतलेलाही ट्रॅक्टरवाल्याच्या भाषेत भरावच. पहिल्या भरावात कुणाचा तरी खर्च वाचतो. दुसऱ्यात नदीची जागा जाते आणि किंमत पुढच्या पुरात भलतंच कुणी मोजतं. सप्टेंबर २००८ चा गोदावरीचा पूर पाहिलेल्या नाशिककरांना हे समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या सारणीत ‘भराव’ असा एकच रकाना असेल, तर पुनर्वापर आणि अतिक्रमण तुम्ही एकाच बेरजेत घातलेत.

तीच काळजी प्लांटमधून निघणाऱ्या मालाबद्दल घ्या. आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनं पुनर्चक्रित काँक्रीटच्या खडीला मान्यता दिली, पण मर्यादा घालून: एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-१५ खालच्या हलक्या काँक्रीटमध्ये १०० टक्के. जुन्या खडीला चिकटलेला सिमेंटचा मसाला पाणी पितो, म्हणून ही खबरदारी. नाशिकमध्ये भर अशी, की सारूळसारख्या जवळच्या ठिकाणी क्रशर आहेत आणि ताजी बेसाल्टची खडी सहज मिळते. ‘एक टन राडारोडा प्रक्रिया केला म्हणजे एक टन खडी वाचली’ असं जीवनचक्र विश्लेषणात सरळ धरून टाकतात, ते या बाजारात टिकेलच असं नाही. कुणी ती विकत घेतली, कशाच्या बदली वापरली, हे दाखवावं लागेल.

मग प्रस्तावात काय करायचं?

नाशिकची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४.८६ लाख होती. दहा लाखांवरच्या शहरांना २०१६ च्या नियमांनी प्रक्रिया-सुविधेसाठी १८ महिने दिले होते. मुदत सप्टेंबर २०१७ मध्ये संपली. त्यामुळे ‘प्लांट हवा’ ही शिफारस तुमच्या प्रबंधाचा निष्कर्ष होऊ शकत नाही, तो नऊ-दहा वर्षं जुना नियम आहे. २०२७ च्या सिंहस्थाची रस्त्यांची-पुलांची कामं मोठी आहेत, दिसतीलही, आणि अभ्यासकांची गर्दी तिकडेच होईल. तुम्ही वॉर्डात शिरा.

मोजमापाचं एकक ‘खेप’ ठेवून बघा. टन वजनकाट्यावर कळतात, आणि वजनकाटा प्लांटच्या दारात असतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीची खेप मात्र गल्लीत उभं राहून मोजता येते. एका ट्रॉलीत तीन-चार टन धरले तर आपल्या बंगल्याच्या चाळीस-पन्नास खेपा होतात. चार-पाच ट्रॉल्यांचं प्रत्यक्ष वजन करून घ्या, म्हणजे खेपेचं टनांत रूपांतर तुमचं स्वतःचं असेल. मग राजीवनगर ते वडाळा-पाथर्डी रस्ता एवढा पट्टा ठरवून महिनाभर पाडकाम आणि दुरुस्ती दोन्हींची नोंद ठेवा. प्रत्येक खेपेपुढे शेवटचा मुक्काम लिहा: विकलं, जोत्यात गेलं, रिकाम्या प्लॉटवर, नाल्या-नदीत, प्लांटला.

अंतरही लिहा. ट्रॅक्टरवाल्याला पैसे खेपेचे मिळतात. डिझेल आणि वेळ त्याचा. जवळचा खड्डा त्याला परवडतो, लांबचा प्लांट नाही. त्याला ‘बेजबाबदार’ ठरवून प्रबंध संपवणं सोपं आहे. छोट्या निर्मात्यांसाठी गोळा करण्याची सोय स्थानिक संस्थेनं करायची हे २०१६ च्या नियमांतच होतं. संकलनाची जागा किती किलोमीटरवर आली की खेप नदीऐवजी तिकडे वळेल, हा प्रश्न मोजता येतो, आणि त्याचं उत्तर महापालिकेला उद्या वापरता येईल.

एका महिन्याच्या, एका पट्ट्याच्या नोंदीवरून देशाचा आकडा निघणार नाही. मार्गदर्शकही विचारतील, ‘नमुना छोटा नाही का?’ छोटा आहेच. पण त्यात काय मोजलं आणि काय नाही हे तुम्हाला सांगता येईल. ५३ कोटी उतरवणाऱ्याला ते येत नाही.

आणि पहिलं वाक्य बदला. नमुन्यादाखल: ‘पाडकामाचा दर चौरस मीटरला ३०० किलो धरला की एक टन, यावर राडारोड्याचा अंदाज तिपटीनं बदलतो. यांतला कुठला दर इंदिरानगरमधल्या घरांना लागू होतो आणि निघालेला माल कुठे जातो, हे या संशोधनात मोजलं आहे.’ वाक्य थोडं रुक्ष झालं खरं. पण मौखिक परीक्षेत त्यातल्या प्रत्येक शब्दामागे तुम्ही उभे राहू शकाल.